‘संशोधनाचे अनुदान प्राध्यापकांच्या खिशात’: एका संदेशाचा प्रतिवाद

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंतच्या अनेक पालक आणि विद्यार्थी गटांत एक संदेश फिरत आहे. त्याचा मथितार्थ असा: ‘विद्यापीठातील प्राध्यापकांच्या खात्यावर संशोधनासाठी लाखो रुपये येतात, ते हवे तसे खर्च करतात, व्याज खातात, विद्यापीठ त्यातून आपला वाटा कापून घेते, उरलेले पैसे मार्चमध्ये उडवले जातात आणि हिशेब कुणीच मागत नाही.’ मराठवाड्यातील एका विद्यापीठात मी दीर्घकाळ अध्यापन केले, काही वर्षे विभागप्रमुखपदही सांभाळले आणि तीन प्रकल्पांचे हिशेब शेवटच्या पावतीपर्यंत मिटवले. त्या अनुभवाच्या आधारे या संदेशातील एकेक विधान तपासून पाहतो.

‘खात्यावर पैसे येतात’ हे विधान मुळातच चुकीचे आहे. अनुदान मंजूर होते ते संस्थेला. प्रमुख संशोधक हा त्या कामाला जबाबदार असतो, पैशाचा धनी नसतो. कायम नोकरीतील प्राध्यापकाला केंद्राच्या विज्ञान विभागांच्या प्रकल्पांतून स्वतःसाठी पगार किंवा मानधन घेता येत नाही. शिवाय 2022 पासून केंद्राच्या बहुतेक योजनांमध्ये शून्य शिल्लक खात्याची पद्धत आली आहे. या खात्यात पैसे पडून नसतात, फक्त खर्चाची मर्यादा नोंदलेली असते. बिल मंजूर होऊन पीएफएमएस या केंद्र सरकारच्या ऑनलाइन देयक प्रणालीवर चढले, एकाने नोंद केली आणि दुसऱ्याने ती तपासून मान्य केली, की तेवढीच रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जमा होते.

जिथे शिल्लकच नाही तिथे व्याज कसले? जुन्या पद्धतीच्या खात्यांवर व्याज जमा होत असे हे खरे, परंतु केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधील नियम 230 नुसार ते भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्राच्या तिजोरीत, भरावे लागते. माझ्या दुसऱ्या प्रकल्पाच्या व्याजाचा भरणा करून त्याची पावती जोडेपर्यंत पुढचा हप्ता अडकला होता.

‘हवे तसे खर्च करतात’ या आरोपाने मात्र मला हसू आले. प्रकल्पाचा पैसा खर्चशीर्षांत बांधलेला असतो: उपकरणे, मनुष्यबळ, रसायने व साहित्य, प्रवास, किरकोळ खर्च. रसायनांचे पैसे संपले आणि प्रवासाचे उरले, म्हणून एका शीर्षाचे दुसऱ्याकडे परस्पर वळवता येत नाहीत. त्यासाठी निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते. प्रत्येक खरेदीसाठी टिपणी, कोटेशने, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीच्या सह्या, पुरवठा आदेश आणि डेडस्टॉक नोंदवहीतील, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतील, पान क्रमांक हवा असतो. कोटेशनशिवाय खरेदीची केंद्रीय मर्यादा 25,000 रुपये होती, ती जुलै 2024 मध्ये 50,000 झाली आणि वैज्ञानिक संस्थांसाठी जून 2025 मध्ये आणखी वाढवण्यात आली. विद्यापीठाचे स्वतःचे खरेदी नियम यावर वेगळेच.

एक प्रसंग सांगतो. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील विहिरींच्या पाण्याचे नमुने घेण्यासाठी आम्ही तीन दिवस भाड्याने जीप केली. बिल 8,400 रुपयांचे. जीपमालकाकडे छापील पावतीपुस्तक नव्हते, म्हणून साध्या कागदावर महसुली तिकीट लावून त्याची सही घेतली. फाईल पहिल्यांदा परत आली ती ‘वाहनाचे लॉगबुक जोडावे’ असा शेरा घेऊन, दुसऱ्यांदा दौऱ्याची पूर्वपरवानगी मागत, आणि तिसऱ्यांदा अक्षरी रकमेत ‘चारशे’ ऐवजी ‘चाळीस’ पडले म्हणून. तिसरी चूक माझीच होती, हे कबूल केले पाहिजे. दर दोन-चार दिवसांनी जीपमालकाचा फोन येई, ‘सर, आपल्या बिलाचं काय झालं?’ अखेर मी खिशातून पैसे दिले आणि चार महिन्यांनी ते मला परत मिळाले. लेखा विभागातील मंडळी वाईट नव्हती. वाहनमालकाकडून जीएसटीचे बिल मिळेल असे गृहीत धरून बनवलेल्या नमुन्यात घनसावंगीची जीप बसत नव्हती, एवढेच.

उपकरणांच्या किमती फुगवल्या जातात, असेही संदेशाच्या काही आवृत्त्यांत जोडलेले आढळते. असे प्रकार कुठेच घडत नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण किंमत वाढलेली दिसण्याचे एक साधे कारण कुणी लक्षात घेत नाही. संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी 5 टक्के जीएसटीची सवलत 18 जुलै 2022 पासून बंद झाली. त्याआधी मंजूर झालेल्या प्रकल्पात 10 लाखांच्या उपकरणावर 50 हजार कर धरलेला असेल आणि त्या उपकरणाला आता 18 टक्के दर लागू होत असेल, तर 1 लाख 80 हजार भरावे लागतात. मधले 1 लाख 30 हजार कुठून आणायचे, हा प्रश्न त्या वर्षी आमच्याच विभागात दोघांसमोर उभा होता.

विद्यापीठाचा ‘वाटा’ म्हणजे ओव्हरहेड. तो संशोधकाच्या पैशातून कापलेला नसतो, मंजुरीपत्रातच वेगळा दाखवलेला असतो आणि वीज, जागा, कार्यालयीन काम यांसाठी दिलेला असतो. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या विभागाच्या नावावर ओव्हरहेड येते, त्या विभागाला ते क्वचितच दिसते. उन्हाळ्यात वीज गेली की आमच्या फ्रीझरमधील नमुने वाचवणाऱ्या इन्व्हर्टरची बॅटरी बदलायलाही विभागाकडे पैसे नसत.

मार्चमधील घाईबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये विभागात कोटेशनांचे ढीग लागतात आणि घाईत घेतलेली काही यंत्रे प्रकल्प संपताच झाकण घालून ठेवली जातात, कारण नंतरच्या देखभाल कराराची तरतूद कुठल्याच शीर्षात नसते. परंतु अनेकदा हप्ताच डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि आर्थिक वर्ष संपले की न वापरलेली मर्यादा मागे जाते. बारा महिन्यांचा खर्च अडीच महिन्यांत करायला लावणारी रचना एकीकडे, आणि तिची सर्वाधिक झळ सोसणारा संशोधन सहायक दुसरीकडे. त्याला मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, पण हप्ता रखडला की ती कागदावरच राहते. हिंगोलीकडील आमच्या एका विद्यार्थ्याला सलग सात महिने काहीच मिळाले नव्हते आणि खानावळीची उधारी त्याच्या भावाने सोयाबीन विकून फेडली.

राहिले ‘हिशेब कुणी मागत नाही’. प्रत्येक आर्थिक वर्षासाठी 12-ए नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, द्यावे लागते आणि वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते सादर करण्याचे बंधन त्याच वित्तीय नियमांतील नियम 238 मध्ये आहे. सोबत शीर्षनिहाय खर्चाचे विवरणपत्र जाते, प्रकल्प संपताना ते लेखापरीक्षित द्यावे लागते, आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांना हे हिशेब तपासण्याचा अधिकार असतो. हे सारे ज्यांना अपुरे वाटते, त्यांनी संदेश पुढे पाठवण्याऐवजी माहितीच्या अधिकाराखाली विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा आणि प्रकल्पाचे नाव देऊन चार कागद मागावेत: मंजुरीपत्र, शीर्षनिहाय विवरणपत्र, उपयोगिता प्रमाणपत्र आणि डेडस्टॉक नोंदवहीचे संबंधित पान. प्रतीचा दर पानाला दोन रुपये आहे.