दूध बंद करू का, बाई?

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत पालकसभा झाली. सभा संपून सगळे पालक पांगले, तरी तिसरीतल्या एका मुलीची आई व्हरांड्यात घुटमळत उभी होती. मी जवळ गेले तेव्हा तिने आधी आजूबाजूला पाहिले आणि अगदी खालच्या आवाजात विचारले, "बाई, हिचं दूध बंद करू का?" मुलगी फार लवकर वयात येऊ लागली आहे, या काळजीने ती विचारत आहे हे मला त्याच क्षणी कळले, कारण पाच-साडेपाच वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी माझ्या जाऊबाईंना विचारला होता, तोही असाच, स्वयंपाकघराचे दार ओढून घेऊन.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि मिरज तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. हे लिहावे की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. धाकटी आता बारा वर्षांची आहे. तिलाच विचारले, तेव्हा "माझं नाव नको, बाकी सगळं लिही" असे ती म्हणाली, म्हणून लिहीत आहे.

२०२० च्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, पाटावर बसवून मी तिला तेल लावत होते. छातीवरून हात फिरला तशी ती एकदम आक्रसली आणि म्हणाली, "आई, इथं दुखतंय." डाव्या स्तनाग्राच्या खाली बोराच्या बीएवढी टणक गाठ बोटाला लागली. उजवीकडे काहीही नव्हते. ती तेव्हा सात वर्षे तीन महिन्यांची होती आणि पुढचे दुधाचे दात पडून तिचे नवे दात नुकते वर येत होते. माझ्या मनात कर्करोगापासून सगळे काही येऊन गेले. मुलींच्या वयात येण्याची पहिली खूण बहुधा हीच असते, ती आधी एकाच बाजूला दिसू शकते आणि ती जागा दुखरी असते, हे दोन मुलींची आई असूनही मला ठाऊक नव्हते.

दिवाळी झाल्यावर आम्ही नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. लॉकडाऊनमध्ये वजन वाढले आहे, ही चरबी आहे, हल्लीच्या मुली लवकरच वाढतात, असे त्यांनी सांगितले. त्यांनी उंची मोजली नाही, गाठही हाताने पाहिली नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही राग आहे, परंतु खरे सांगायचे तर मला तेच ऐकायचे होते, आणि ऐकून मी सुटकेचा श्वास सोडला. त्या सुटकेपायी आमचे आठ महिने गेले.

त्या आठ महिन्यांत आम्ही काय केले? दूध बंद केले, कारण म्हशींना इंजेक्शन देतात असे ऐकले होते. अंडी आणि चिकन बंद केले, कारण कोंबड्यांना हार्मोन टोचतात असे शेजारच्या काकूंनी सांगितले. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावहून द्राक्षांच्या पेट्या आल्या, त्याही तिच्यापासून लपवून ठेवल्या, कारण द्राक्षांना 'जीए' देतात आणि तेही हार्मोनच, असा तर्क घरातल्याच एका बागायतदाराने मांडला. पोर समोरच्या ताटाकडे पाहत राही आणि "मी काय चूक केली?" असे विचारी.

या तिन्ही गोष्टी मी पुढे जाणकारांकडून नीट समजून घेतल्या, कारण आजही प्रत्येक आई इथूनच सुरुवात करते. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून दिले जाणारे इंजेक्शन ऑक्सिटोसिनचे असते. ते देणे बेकायदा आहे, जनावरावर अन्याय आहे, त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण ऑक्सिटोसिन हे मुलींना वयात आणणारे संप्रेरक नव्हे, आणि पोटात गेल्यावर ते इतर प्रथिनांसारखेच पचून जाते. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत वाढते ती निवडून तयार केलेल्या जातीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना पुनःपुन्हा सुई टोचणे कोणत्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणारे नाही. आणि द्राक्षांचे जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, हे वनस्पतींचे संप्रेरक आहे. मण्यांची फुगवण त्याने होते, मुलीच्या शरीरात ते स्त्री-संप्रेरकाचे काम करत नाही. वाढत्या वयाच्या मुलीचे दूध आणि अंडी तोडून आम्ही तिच्या हाडांचेच नुकसान करत होतो, आणि ज्या गोष्टीकडे पाहायला हवे होते ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरच लिहिलेली होती.

आमच्याकडे प्रत्येक वाढदिवसाला मुलींना दाराच्या चौकटीशी उभे करून डोक्यावर पट्टी धरतो आणि पेन्सिलीने रेघ मारतो. २०२१ च्या जून महिन्यात तिचा जुना फ्रॉक गुडघ्यांच्या बराच वर गेलेला पाहून मी तिला सहज चौकटीशी उभे केले. मागच्या ऑगस्टच्या रेघेपासून नवी रेघ साडेआठ सेंटिमीटर वर होती, आणि वर्ष अजून पूर्ण झालेले नव्हते. त्याआधीच्या रेघांमधली अंतरे पाच, साडेपाच, पाच अशी होती. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. साडेआठ ही वयात येतानाची उसळी होती. सासूबाई कौतुकाने म्हणत होत्या, "ताडमाड होणार बघ." मलाही तोपर्यंत तसेच वाटत होते.

प्रत्यक्षात उलटे घडत असते, आणि मला वाटते हा या सगळ्यातला सर्वांत फसवा भाग आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला इशारा देतो, पियुषिका बीजांडकोशांना जागे करते, आणि बीजांडकोशांतून येणारे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक एकीकडे उंचीला वेग देते तर दुसरीकडे हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या लवकर बुजवू लागते. म्हणून अकाली वयात येणारी मुलगी तिसरीत वर्गात सर्वांत उंच असते आणि दहावीत सर्वांत बुटक्या मुलींमध्ये गणली जाऊ शकते. मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत आणि मुलांमध्ये नऊ वर्षांच्या आत खुणा दिसू लागल्या तर डॉक्टर त्याला अकाली म्हणतात. छातीची गाठ दिसल्यापासून साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. म्हणजे माझी मुलगी चौथीत असताना तिला पाळी आली असती, आणि त्यानंतर ५ ते ७ सेंटिमीटरच उंची वाढली असती.

मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला पुण्याच्या हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवले. कोयना एक्स्प्रेसने आम्ही दोघी गेलो. त्यांनी डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढला. त्यावरून हाडांचे वय कळते. मुलगी आठ वर्षांची, हाडे साडेदहा वर्षांची. रक्ताच्या तपासण्या झाल्या, पोटाची सोनोग्राफी झाली, मेंदूत काही नाही ना याची खात्री करण्यासाठी एमआरआय झाला. त्या यंत्राच्या धडधडाटात हलायचे नाही असे सांगितल्यावर तिने मनातल्या मनात बारापर्यंतचे पाढे म्हटले आणि बाहेर आल्यावर सांगितले की आठचा पाढा दोनदा चुकला. अहवाल स्वच्छ होता. मुलींमध्ये बहुतेक वेळा असे कोणतेही कारण सापडत नाही. लॉकडाऊनच्या काळात अशा मुलींची संख्या वाढल्याचे इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांनी नोंदवले आहे. घरात बसून वाढलेले वजन हे त्यामागचे एक कारण असावे असे मानले जाते, कारण शरीरातील चरबीही मेंदूला वाढीचे संदेश पाठवत असते.

कारण सापडत नाही म्हटले की घरात बोट आईकडे वळते. "तुमच्याकडं लवकर येत असेल" हे वाक्य मीही ऐकले. आईच्या वयाचा संबंध असतो, हे खरे आहे. पण २०१३ मध्ये शास्त्रज्ञांना एमकेआरएन-३ नावाच्या जनुकातील एक बदल सापडला, ज्यामुळे काही घराण्यांत मुले अकाली वयात येतात, आणि तो बदल वडिलांकडून आला तरच त्याचा परिणाम दिसतो. आमच्या घरात हे कारण होते असे मी म्हणत नाही, फक्त बोट दाखवणाऱ्यांनी एवढे वाचावे.

उपचार म्हणजे दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचे एक इंजेक्शन. पियुषिकेकडून बीजांडकोशांना जाणारा इशारा त्यामुळे थांबतो आणि हाडांना वेळ मिळतो. ते थांबवल्यावर शरीर आपल्या मार्गाने पुन्हा सुरू होते. "पुढं मूल होईल ना?" हा प्रश्न माझ्या आईने पहिल्याच दिवशी विचारला. ही औषधे १९८० च्या दशकापासून वापरात आहेत आणि त्यांमुळे पुढे मातृत्वात अडथळा येत नाही, असे डॉक्टरांनी तिला फोनवर शांतपणे समजावले. सव्वातीन वर्षे इंजेक्शने झाली. खर्च आमच्यासारख्या घराला जाणवेल इतका होता. ज्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले आणि जिला आपण वैद्यपंढरी म्हणतो, त्या मिरजेत हा उपचार शेतमजुराच्या मुलीलाही सरकारी रुग्णालयात सहज मिळावा, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक मुलीला उपचार लागतातच असे मात्र मुळीच नाही. काहींची फक्त छाती थोडी वाढते आणि तिथेच थांबते, काहींना फक्त काखेत केस येतात आणि घामाला वास येतो, काहींच्या बाबतीत ती खरोखरच चरबी असते. अशा मुलींवर डॉक्टर काही महिने फक्त लक्ष ठेवतात. कधी थायरॉईड फार काळ कमी असल्यामुळेही असे होते आणि रोजच्या गोळीने ते आवरते. यातले कोणते आपल्या मुलीचे आहे हे शेजारणीला कळणार नाही, मलाही कळणार नाही. ते मोजून आणि तपासूनच कळते.

मुलांविषयी तर कोणी विचारतच नाही. आठ वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, तर "बाप्या झाला" म्हणून त्याची पाठ थोपटतात. मुलांमध्ये अशा वेळी मेंदूत किंवा मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत काही बिघाड असण्याची शक्यता मुलींपेक्षा बरीच जास्त असते, म्हणून तिथे एक महिनाही थांबू नये.

आता एका गोष्टीबद्दल, जिचा मला औषधांपेक्षा जास्त त्रास झाला. आठ वर्षांची मुलगी दहा वर्षांची दिसू लागली की सगळे तिच्याशी दहा वर्षांच्या मुलीसारखे वागू लागतात. एका नातेवाइकांनी "आता हिला अंगणात खेळायला सोडू नका" असे तिच्यासमोर सांगितले. शिक्षिका म्हणून मीही हेच करत आले होते, हे मला तेव्हा जाणवले: उंच मुलीला शेवटच्या बाकावर बसवायचे, तिच्याकडून पाण्याची बादली उचलून घ्यायची, ती रडली की "एवढी मोठी झालीस आणि रडतेस?" म्हणायचे. ती मोठी झालेली नसते. तिचे मन आठ वर्षांचेच असते, तिला रात्री आईजवळ झोपायचे असते. या बाबतीत सासूबाईंनी मला आधार दिला. त्यांच्या वेळी न्हाण आले की मखरात बसवत, ओटी भरत. त्या म्हणाल्या, "मखरात बसायचं वय तरी होऊ दे. पोरीला अजून लंगडी खेळायचीय." त्या दिवसापासून आमच्या घरात तिच्या शरीरावर तिच्यासमोर कोणी बोलले नाही.

तिच्याशी मात्र बोललो. शरीर का बदलते, पाळी म्हणजे काय, कोणी हात लावला तर काय करायचे, हे सगळे तिच्या वयाच्या शब्दांत सांगितले. शाळांमध्ये हे बोलणे सातवी-आठवीच्या मुलींसाठी ठेवलेले असते, आणि चौथीतल्या मुलीला पाळी आली तर प्राथमिक शाळेच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबाही नसतो. हे बदलायला फार पैसे लागत नाहीत.

इंजेक्शन थांबल्यानंतर सव्वा वर्षाने, या वर्षी, तिला पाळी आली. तेव्हा तिची उंची १५२ सेंटिमीटर होती. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी उपचारांशिवायचा जो अंदाज सांगितला होता, तो त्याहून बराच कमी होता.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एक विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा आपल्या शाळेत येते, मुलांची उंची आणि वजन नोंदवले जाते, आणि तो आकडा कागदावर बंद होतो. मी माझ्या वर्गाच्या वहीत मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहिते आणि त्यापुढे फरकाचा तिसरा रकाना आखते. तिथे आठ-नऊ सेंटिमीटर दिसले आणि मूल आठ-नऊ वर्षांच्या आतले असले, की पालकांना एकटे बोलावते. फरक एक-दोन सेंटिमीटरच असेल तरीही बोलावते, कारण वाढ खुंटणेही तेवढेच महत्त्वाचे आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर हे करून पाहावे. रकाने कसे आखायचे ते हवे असेल तर मला मेसेज करा, मी वहीचा फोटो पाठवते, अर्थात नावे झाकून.

व्हरांड्यातल्या त्या आईबरोबर मी शनिवारी मिरजेला गेले होते. डॉक्टरांनी मुलीला तपासले, उंची मोजली आणि डाव्या हाताचा एक्स-रे सांगितला आहे, तो सोमवारी काढायचा आहे. दूध मात्र तिने त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू केले.