लांबत जाणारी शाळा

माझी शाळा दर वर्षी आमच्या घरापासून थोडी लांब जाते. लग्न झालं तेव्हा ती दीड किलोमीटरवर होती. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याला तीन सांगितले. मागच्या दिवाळीत ती पाच किलोमीटरवर पोचली, वाटेत एक ओढा आला आणि माझ्या पायातली चप्पलही गेली.

परवा तिनं सहा गाठले. झालं असं की मी खाली टीव्हीसमोर बसलो होतो आणि वरच्या खोलीतून चिरंजीवांचा फोन आला. "पप्पा, चार्जर खालीच राहिलं. वर पाठवा ना कुणाच्या तरी हातानं."

एकाच घरात, एकाच जिन्याच्या दोन टोकांना, फोन! मधे फक्त बारा पायऱ्या. आकडा पक्का आहे, कारण तेराव्या पायरीवरून मिस्त्रीशी माझं भांडण झालं होतं. मी उठलो, जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो (चढलो नाही, आवाज पोचत होता) आणि सुरू केलं. तुमची पिढी म्हणजे नुसता अंगठा हलवणारी. आम्ही सहा-सहा किलोमीटर शाळेला पायी जायचो, येऊन विटीदांडू खेळायचो...

ओसरीत खाटेवर पडलेले आबा उठून बसले. "कामून कावू लालास लेकराला? अन् कोन्ती शाळा म्हणू लालास?"

"आपल्या गावची, आबा."

"ती तं मारुतीच्या मागंच होती की. अन् तुला म्या सायकलीच्या दांडीवर बसवून सोडायचो. चिखल असला की खांद्यावर."

हे ऐकायला चिरंजीव बाराच्या बारा पायऱ्या उतरून स्वतः खाली आले. चार्जरकडे त्यांनी बघितलंही नाही.

घरातला साक्षीदार फुटला की माणूस परदेशी साक्षीदार आणतो. मी 2013 सालचं एक संशोधन काढलं. ऑस्ट्रेलियाचे ग्रँट टॉमकिन्सन यांनी अनेक देशांतल्या मुलांच्या धावण्याच्या नोंदी तपासल्या. आताच्या मुलांना एक मैल पळायला, त्यांचे आईबाप त्या वयाचे असताना जेवढा वेळ लागायचा, त्याहून दीड मिनिट जास्त लागतं, असा निष्कर्ष निघाला. "दीड मिनिट!" मी टेबलावर हात आपटून म्हणालो.

"म्हणजे तिथल्या आईबापांनी लहानपणी पळून ठेवलं होतं," चिरंजीव शांतपणे म्हणाले. "त्यांची नोंद आहे. तुमची कुठाय?"

तोवर त्याच्या अंगठ्यानं (या घरातला एवढा एकच अवयव खरा तयारीत आहे) दुसरा कागद शोधला होता. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ', 2024. भारतात 2000 साली साधारण 22 टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. 2022 मध्ये हे प्रमाण जवळजवळ 50 टक्क्यांवर गेलं. "प्रौढ, पप्पा," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही." पुरेशी म्हणजे किती, तर आठवड्याला दीडशे मिनिटं दमदार चालणं. मी मनातल्या मनात माझा आठवडा मोजला. गाडी पुसणं, भाजीवाल्याशी घासाघीस आणि रिमोट शोधणं धरूनही बेरीज चाळिसाच्या वर जाईना.

शेवटचा उपाय म्हणून बहात्तरचा दुष्काळ काढला. आमच्या घरात हा दुष्काळ लोणच्यासारखा बरणीत भरून ठेवलेला आहे. तोंडी लावायला कधीही काढता येतो. आबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. दुष्काळी कामावर त्यांनी दिवसदिवस खडी फोडली, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या. "सांगा त्याला, आबा," मी म्हणालो.

"फोडली की," आबा म्हणाले. "खायला सुकडी मिळायची म्हणून फोडली. अंग कमवायला कोण खडी फोडतंय? एस्टी असती तं म्या काय पायी गेलो असतो व्हय कामावर?"

हे खरं आहे. ज्या दिवशी घरात लुना आली, त्या दिवसापासून आबा पायी शेतात गेले नाहीत. लुना बंद पडली की त्या दिवशी शेतही बंद.

या सगळ्यात आमची भाची कोपऱ्यात सामान्य ज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली होती. पोलीस भरतीच्या तयारीसाठी ती वर्षभर आमच्याकडे राहते. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "मामा, उद्या येता का मग? सोळाशे मीटर. मैलच झाला की." मैल म्हणजे 1609 मीटर. नऊ मीटर तिनं मामा म्हणून सोडले. भरतीत मुलींना आठशेच मीटर असतात, पण ती सरावाला रोज दुप्पट पळते. मुलांनी सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत पळाले तर वीसपैकी वीस गुण, ही माहितीही तिनंच पुरवली. आबांसमोर, मुलासमोर 'नाही' कसं म्हणणार?

पहाटे पाचची परभणी मी या आधी पाहिलीच नव्हती. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. त्या पहाटे थंडीच्या बाबतीत तरी आम्ही जर्मनीच्या पुढं होतो. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर अंधारात नुसती पावलं वाजत होती. खेड्यापाड्यांतून येऊन खोल्या करून राहिलेली पोरं आणि पोरी, कुणी अनवाणी, कुणी फाटक्या बुटात. ज्या पिढीला मी रोज रात्री नऊ वाजता नावं ठेवतो, ती मी झोपलेला असताना इथं घाम गाळत होती. आणि हौसेनं गाळत होती असंही नाही. एका पोराला विचारलं, पळायला आवडतं का? तो म्हणाला, "आवडायचं काय त्याच्यात, काका. जागा निघाल्यात." आबा सुकडीसाठी खडी फोडत होते, हा नोकरीसाठी लोखंडी गोळा फेकत होता.

पाय मोकळे करताना भाचीनं अविनाश साबळेचा विषय काढला. आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, 2023 मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. "लहानपणी सहा किलोमीटर शाळेला जायचा, मामा. कधी चालत, कधी पळत." मी बुटाची नाडी बांधत राहिलो. जन्म 1994 चा, माझ्याहून सतरा वर्षांनी लहान, आणि त्याची शाळा खरंच सहा किलोमीटरवर.

पहिले दोनशे मीटर मी भाचीच्या पुढं होतो. हे लिहून ठेवतोय, कारण पुढं सांगण्यासारखं फार नाही. तीनशेला डाव्या बरगडीखाली कळ आली. पाचशेला एक कुत्रं सोबतीला आलं आणि कंटाळून निघून गेलं. मफलर गुंडाळलेले एक आजोबा चालत मला ओलांडून गेले; जाताना 'चालू द्या' म्हणाले. याच विद्यापीठानं 'परभणी शक्ती' नावाची लोह आणि जस्तानं भरलेली ज्वारी काढली. अकराशे मीटरवर मला वाटलं, बाजूच्या वावरात शिरून दोन कणसं कच्चीच खावीत. तिथून पुढं मी पळालो असं म्हणता येणार नाही. उभा मात्र राहिलो नाही.

भाचीनं घड्याळ बघितलं. वहीत लिहिलं. गुणांचा तक्ता काढला, बोट खाली खाली नेलं, आणि तक्ता संपला. "चौदा मिनिटं, मामा. सातच्या थोडं पुढं गेलं की शून्यच आहे."

दुसऱ्या दिवशी मी उकिडवा बसू शकत नव्हतो आणि बसलो तर उठू शकत नव्हतो. बहात्तरीचे आबा अंगणात उकिडवे बसून तंबाखू मळत होते. "किती येळ लागला म्हणे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चिमूट दाढेखाली ठेवली आणि म्हणाले, "गाडीवर गेला असतास तं दोन मिन्टं."

सोमवारी ऑफिसात लंगडत गेलो. काय झालं म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं, दोन किलोमीटर पळालो. बुधवारी ते तीन झाले. शनिवारी नव्या साहेबांनी चौकशी केली, तोवर वाटेत एक ओढा आला होता.