‘ऑटोमॅटिक म्हणजे सीलबंद डबा’ म्हणणाऱ्यांना गॅरेजमधून उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातले दोघे माझेच गिऱ्हाईक. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. त्याचं ऑइल आयुष्यभराचं असतं, हात लावला की बिघडतो. बिघाड काय तो स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, सांगतो, मेकॅनिकला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि सगळं इलेक्ट्रिक होणार असल्यामुळे पोरांनी या कामात वेळ घालवू नये. मी मॅन्युअल गिअरबॉक्स खोलत मोठा झालो आणि ऑटोमॅटिक बऱ्याच उशिरा, चुका करत शिकलो. म्हणून एकेक घेतो.

‘दुरुस्त होत नाही.’ कुठला? ऑटोमॅटिक या एका नावाखाली निदान चार वेगळी यंत्रं येतात. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत आणली ती एएमटी आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं माणसाऐवजी ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. अशा गाडीची क्लचप्लेट जळते, कारण लोक पणजीत अल्तिनोच्या चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात. प्लेट बदलायची, मग स्कॅनरने क्लचचं नवं लर्निंग करून द्यायचं, म्हणजे नवी प्लेट कुठे धरते ते कॉम्प्युटरला शिकवायचं. यात दुरुस्त न होण्यासारखं काय आहे? टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून घेणाऱ्या, गिअरबॉक्सच्या प्लेटी, सील, सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडझाप करणारे विजेचे वाल्व) सुटे मिळतात. सीव्हीटीच्या, म्हणजे गिअरऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या प्रकाराच्या, बाबतीत मात्र मेसेज निम्मा खरा आहे. पोलादी पट्टा घसरून पुलीवर चरे पडले, तर मीही बदलायलाच सांगतो. डबल क्लचवाल्याला खास टूल लागतात, ती नसतील तर हात न लावलेला बरा. पण दोन प्रकारांची अडचण चारही प्रकारांवर लावायची, हे काही पटत नाही.

ऑइलबद्दल फार बोलायला नको. जगभरच्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. ‘आयुष्यभराचं’ म्हणजे नेमकं कुणाच्या आयुष्याचं, ते ज्याने त्याने ठरवावं. आमच्याकडे उन्हाळ्याची दमट गरमी, वर चोर्ला घाटाची चढण, म्हणजे ऑइल तापायला कारणं भरपूर.

हात लावला की बिघडतो, हे मात्र कधीकधी होतं, आणि माझ्या हातून झालंय. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला, पुष्कळ गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये, आलं की लेव्हलचा नट काढून पाहायचं असतं. मी सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीत थंड असतानाच भरलं आणि लेव्हल झाली म्हणून खूश झालो. गाडी चोर्ला चढली तसं ऑइल गरम होऊन फुगलं, फिरत्या भागांनी घुसळून त्याचा फेस केला, आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, ओघळायला लागलं. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, मग प्लेटींना पुरतं प्रेशर मिळत नाही. वरून फोन आला, “पात्रांव, गाडी ओडना.” म्हणजे मालक, गाडी ओढत नाही. ऑइल चांगल्या प्रतीचंच होतं. भरणारा कच्चा होता. आणखी एक, सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं ऑइल, घालणं म्हणजे पैसे देऊन पट्टा मारणं; त्याला पोलादावर पोलाद न घसरू देणारं वेगळं ऑइल लागतं.

आता स्कॅनर. मेसेजमधला हा भाग मला सगळ्यात खटकला, कारण पोरं शिकायची थांबतात ती इथेच.

स्कॅनरवर पी०७०० हा कोड आला की अर्धे लोक गिअरबॉक्स गेला म्हणतात. त्या कोडचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या मॉड्यूलने, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरने, कुठला तरी कोड साठवलाय, तिथे जाऊन वाचा. ती दाराची बेल आहे, आत कोण आजारी आहे ते तिला ठाऊक नसतं. आत जाऊन सोलेनॉइडचा कोड वाचला तरी तो सांगतो ‘सर्किटमध्ये बिघाड’. सर्किटमध्ये सोलेनॉइड आला, वायर आली, वायरी जोडणारा कपलर आला आणि मॉड्यूलही आलं.

जुलैत काळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची, एक गाडी टो करून आली. तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली. एका ठिकाणी स्कॅनर लावून गिअरबॉक्स बदलण्याचा आकडा सांगितला होता, आणि मालक गाडीच विकायच्या विचारात होता. मी मीटर घेऊन आधी गिअरबॉक्सच्या बाजूने सोलेनॉइड मोजला: १३ ओहम, अजिबात न हलता. त्या जातीच्या सोलेनॉइडला ११ ते १५ चालतं. मग मॉड्यूलच्या टोकाकडून तीच वायर मोजली आणि दुसऱ्या हाताने लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवला. काटा १३ वरून एकदम ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, परत १३, परत ओपन. कपलर उपसला तर दोन पिनांवर हिरवी पूड. किनाऱ्यावरची खारी हवा आणि साचलेल्या पाण्यातून काढलेली गाडी. एक पिन बदलली, बाकीच्या साफ केल्या, कपलरचं रबर नवं घातलं. गिअरबॉक्सचा एक बोल्टही ढिला केला नाही.

आणि बिघाड खरंच आत असला, तरी कुठे आहे ते उघडण्याआधी कागदावर काढता येतं. खूप सहा-गिअरवाल्या टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत आत फक्त तीन क्लच आणि दोन ब्रेक (चाकांचे नव्हेत, गिअरबॉक्सच्या आतले) असतात. पहिला क्लच पहिल्या ते चौथ्या गिअरपर्यंत धरतो. दुसरा चौथ्या, पाचव्या, सहाव्यात. तिसरा क्लच तिसऱ्यात, पाचव्यात आणि रिव्हर्सला. एक ब्रेक दुसऱ्या आणि सहाव्यासाठी, उरलेला रिव्हर्सला आणि पहिल्यात इंजिन ब्रेकिंगला. आता गाडी तिसऱ्यात घसरते, पाचव्यात घसरते, रिव्हर्स उशिरा घेते, पण दुसरा, चौथा, सहावा ठणठणीत. तक्त्यावर बोट फिरवा. या तिघांत सामाईक एकच. कुठला स्कॅनर हे असं पडताळून देतो? तो फार तर पी०७३० म्हणेल, गिअर रेशो चुकतोय. ते ड्रायव्हरला आधीच कळलेलं असतं.

माझ्याकडे आयटीआय करून आलेल्या पोराला पहिले दोन महिने मी पाना कमी आणि हा तक्ता जास्त दिला. नंतर भंगारातून आणलेला एक गिअरबॉक्स बाकावर. चेंबरचं, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्याचं, मॅग्नेट बघायचं: करडी मऊ मळी चालते, टोचणारे तुकडे चालत नाहीत. ऑइलचे वाल्व बसवलेला ठोकळा, म्हणजे वाल्व बॉडी, उघडताना पुसायच्या चिंध्या जवळ आणायच्या नाहीत, एक दोरा वाल्व अडकवायला पुरतो. बारक्या पोलादी गोळ्या कुठून पडल्या त्याचा मोबाइलवर फोटो आधी, हात नंतर. जुळणी झाली की बंद करण्याआधी प्रत्येक क्लचच्या भोकातून दमाने हवा सोडायची. पिस्टन बसला तर ‘थप्’ असा भरीव आवाज येतो. नुसतं ‘फस्स्’ झालं तर सील चिरलंय, परत खोला. हा आवाज कानाने ओळखायला त्याला तीन गिअरबॉक्स लागले, मला जास्त लागले होते.

राहिलं इलेक्ट्रिक. त्यात बहुतेक वेळा एकच रिडक्शन गिअर असतो, खरं आहे. पण आज शोरूममधून निघणारी ऑटोमॅटिक वॉरंटी संपल्यावरच माझ्यासारख्याच्या दारात येते, आणि पुढेही बरीच वर्षं चालते. माझ्याकडे शिकणारा हा पोरगा इलेक्ट्रिकचंही शिकेल, त्याला कोण अडवतंय? सध्या त्याच्या बाकावर ती तिसरा-पाचवा-रिव्हर्सवाली आहे, मेसेज पाठवणाऱ्या त्या दोघांपैकी एकाची. प्लेटी काळ्या पडल्यात, सील कडक झालंय. शनिवारी हवा सोडून बघणार.