डाव्या पायाचा मोजा वेगळा

माझ्या उजव्या पायाला 6 नंबरची चप्पल लागते, डाव्या पायाला 3 नंबरची. डावी पोटरी बारीक, टाच वर ओढलेली, तळव्याची कमान उंच. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, आणि तेव्हापासून दोन्ही पाय आपापल्या गतीने वाढले. हे आधी सांगून टाकते, कारण मी मोजे विणते असं कळलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "छान वेळ जातो ना गं?" या प्रश्नाला एकदा सविस्तर उत्तर द्यायचं बरेच दिवस मनात होतं.

वेळ घालवायला मी विणत नाही. बँकेची नोकरी, घर, सासूबाईंची औषधपाणी, यात वेळ उरतोच कुठे? मी विणते, कारण माझ्या पायाचा मोजा बाजारात मिळत नाही.

दुकानातला मोजा 'फ्री साइज' असतो. म्हणजे दोन्ही पाय सारखे असलेल्यांसाठी फ्री. माझ्या डाव्या पायात तो घातला की पुढे बोटभर कापड शिल्लक राहतं आणि बोटांखाली दुमडतं. मोज्याची टाच माझ्या टाचेवर बसतच नाही, घोट्याच्या मागे फुगून राहते. पोटरी बारीक असल्यामुळे इलॅस्टिक धरत नाही, तासाभरात सगळा मोजा घसरून बुटात तळव्याखाली गोळा होतो. दुसरं कोणी असतं तर बूट काढून मोजा वर ओढला असता. माझा बूट कॅलिपरला, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या साच्याला, जोडलेला आहे. बूट काढायचा म्हणजे मांडीपासूनचे चामड्याचे पट्टे एकेक करून सोडायचे, गुडघ्याचं लॉक उघडायचं, मग बुटाच्या लेस. त्याला आडोसा हवा, भक्कम खुर्ची हवी आणि काउंटरसमोर रांग नसायला हवी. तिन्ही एकदम कधी जुळून येत नाही. मग संध्याकाळपर्यंत त्या चुणीवर चालायचं आणि घरी येऊन फोड बघायचा.

पुष्कळांना वाटतं, पोलिओच्या पायाला काही कळत नसेल. तसं नाही. पोलिओमध्ये स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी जातात, स्पर्श शाबूत राहतो. ताकद नसते, पण मोज्याची एकेक सुरकुती लख्ख कळते. शिवाय हा पाय थंड पडतो. हालचाल कमी, स्नायू वाळलेले, त्यामुळे रक्त नीट खेळत नाही. पुण्याच्या डिसेंबरात माझा डावा पाय सकाळी जांभळट असतो आणि दुपारपर्यंत गरम होत नाही. लोकरीचा मोजा मला हौसेसाठी लागत नाही, तो पाय ऊबेत ठेवायला लागतो.

विणायला मावशीने शिकवलं होतं, पण स्वेटर आणि टोपरी. मोजे मी खूप नंतर, व्हिडिओ बघून शिकले. दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुया, 12 नंबरच्या. चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि पाचवीने गोल गोल विणत जायचं. उजव्या मोज्याला मी 60 टाके घालते, डाव्याला 44. वरची पट्टी दोन सुलट दोन उलट; डाव्याची पट्टी जवळजवळ दुप्पट लांब ठेवते, म्हणजे इलॅस्टिक नसूनही तो बारीक पोटरीला धरून राहतो.

खरी गंमत टाचेत आहे. अर्धे टाके बाजूला ठेवून उरलेल्या अर्ध्यांवर एक चौकोनी पट्टी विणायची: एक टाका न विणता नुसता सरकवायचा, पुढचा सुलट. त्याने कापड दुहेरी जाड होतं. नेहमीच्या टाचेला ही पट्टी जितक्या ओळींची असते, त्याच्या दोनतृतीयांश ओळी मी डाव्याला विणते, कारण माझी टाच वर ओढलेली आहे आणि मागे कापड जास्त झालं की फुगा येतो. तळव्याची कमान उंच, म्हणून पुढे कडेचे टाके मी सावकाश कमी करत जाते, म्हणजे वरच्या फुगवट्याला जागा मिळते. कॅलिपरचा लोखंडी सांधा जिथे घोट्याला घासतो, तिथेही तेच जाड विणकाम करते, सोबत नायलॉनचा धागा घेऊन. हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. पायावर चढवून, उसवून, परत चढवून बसवलेलं आहे.

शेवटी बोटांपाशी मोजा मिटायचा, तोही शिवण न घालता. समोरासमोरचे टाके सुईने असे ओवायचे की जोड हाताला लागतच नाही. याला इंग्रजीत किचनरचा टाका म्हणतात. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांचे पाय मोज्याच्या शिवणीने सोलवटायचे, त्यावरून तेव्हाचा ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर याचं नाव त्याला चिकटलं अशी कथा सांगतात. हाच किचनर 1902 ते 1909 हिंदुस्थानात सरसेनापती होता. बाकी त्याच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण टाका उत्तम आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांना तर तो फारच उपयोगी. शिवणीने जखम झाली तरी त्यांना कळत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दुपारच्या सुट्टीत मी विणत असते तेव्हा कोणीतरी दोन्ही मोजे हातात घेतं. "अहो मॅडम, हा दुसरा लहान झाला की हो!" मी सांगते, लहान झाला नाही, तेवढाच करायचा होता. मग एकदम शांतता, आणि मग "कमाल आहे तुमची, किती हिंमत!" मला इथे खरंच थांबवावंसं वाटतं. हिंमत कशात आहे? माप घेऊन मोजा विणणं हे कसब आहे. टाचेबद्दल विचारा, लोकर कुठली ते विचारा, इतक्या बारीक सुयांवर हात दुखत नाहीत का ते विचारा.

हात दुखतात. यावर कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. कुबडीवर शरीराचा भार वर्षानुवर्षं मनगटांनी उचललेला असतो. आमच्यासारख्यांचे अंगठे, मनगटं, खांदे लवकर झिजतात. पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी नव्याने अशक्तपणा येतो, लवकर थकवा येतो, त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम असं नावही आहे. माझे हात हेच माझे अर्धे पाय आहेत. ज्या दिवशी तुळशीबागेत लोकर आणायला गेले, पायऱ्या चढले, गर्दीतून वाट काढली, त्या दिवशी रात्री विणता येत नाही. ज्या दिवशी टाच पुरी करायच्या नादात दोन तास बसले, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुबडी जड जाते. "विणकाम म्हणजे थेरपी" असं सांगणाऱ्यांना हा हिशेब माहीत नसतो. मला विणायला मनापासून आवडतं, आणि तरीही ते माझ्या ताकदीतून वजा होतं.

माझ्या एका मैत्रिणीचा पाय अपघातात गुडघ्याखाली गेला. ती कृत्रिम पाय लावते. तिच्यामुळे मला कळलं की गुडघ्याखाली उरलेला पायाचा भाग दिवसभर एकाच मापाचा राहत नाही. सकाळी सॉकेट (कृत्रिम पायाची पोकळ वाटी, जिच्यात हा भाग बसतो) घट्ट बसतं, दुपारी पाय आक्रसतो आणि सॉकेट सैल होऊन आत हिंदकळायला लागतं. मग मधे आणखी एक मोजा चढवायचा, कधी पातळ, कधी जाड. त्या मोज्याला टाच नाही, बोटं नाहीत, नुसती एक गोल टोपी आणि वर नळी. टोकापासून आठ टाक्यांनी सुरुवात करून वाढवत जायचं, म्हणजे भार येतो तिथे शिवण येत नाही. तिला मी साध्या लोकरीचे विणून दिले. ॲक्रिलिक स्वस्त, रंगही सुंदर, पण घाम शोषत नाही आणि सॉकेटमध्ये पाय ओला राहून चालत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा शोषून घेते आणि तरी ओली वाटत नाही.

दिवाळीआधी एका प्रदर्शनात मला टेबल मिळालं. आयोजकांनी मागे फलक लावला, 'दिव्यांग भगिनींनी बनवलेल्या वस्तू'. बायका आल्या, माप न बघता जोड्या उचलल्या, पैसे ठेवले, खांद्यावर थोपटलं. त्यातले किती मोजे कोणाच्या पायात गेले असतील, मला शंका आहे. संध्याकाळी एक आजी आल्या. त्यांनी मोजा उलटा करून आतली बाजू बघितली, टाचेत दोन बोटं घालून ताणून पाहिली, "धुतल्यावर आटेल का?" विचारलं, आणि 800 रुपये फार होतात म्हणून घासाघीसही केली. मी सांगितलं, आजी, जोडीला 100 ग्रॅम लोकर जाते आणि माझ्या कितीतरी संध्याकाळी जातात, कमी होणार नाहीत. त्या घेऊन गेल्या. त्या दिवसातलं मला खरं गिऱ्हाईक तेवढंच वाटलं. आमच्या वस्तू घ्यायच्या तर अशा तपासून घ्या. वाईट असतील तर ठेवून द्या, पण तपासा.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे. देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ज्यांनी दारोदार फिरून डोस पाजले त्या ताईंना माझा नमस्कार. पण पोलिओ गेला म्हणून आम्ही गेलो नाही. आम्ही आत्ता चाळिशी-पन्नाशीत आहोत, नोकरीवर जातोय, आणि आमच्या पायांची मापं घेणारे हात कमी होत चाललेत. माझे बूट ज्या कारागिराकडे होत, ते थकले, मुलाने धंदा घेतला नाही. मागे एका शिबिरात माझं माप घेतलं, मोठ्या फॉर्मवर लिहिलं, आणि काही महिन्यांनी बूट आले ते दोन्ही एकाच नंबरचे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 21 प्रकारची अपंगत्वं मोजतो, याचा आनंदच आहे. पण कायद्यातलं मोजणं पायापर्यंत यायचं तर कोणीतरी टेप घेऊन खाली बसायला हवं, आणि दोन्ही पाय वेगवेगळे मोजायला हवेत.

तर आता कामाचं. थंडीच्या आधी मी मोजक्या ऑर्डरी घेते. मेसेज करताना दोन्ही पायांची मापं वेगवेगळी पाठवा: पंजाची लांबी, पंजाचा घेर, घोट्याचा घेर, पोटरीचा घेर, आणि कॅलिपर किंवा बूट घासतो ती जागा पेनने खूण करून फोटो. कृत्रिम पायाचा मोजा हवा असेल तर आधी ज्यांच्याकडून पाय बसवला त्यांना किती जाडीचा हवा ते विचारून घ्या. सुट्टा एक मोजाही विणून देते, त्याचे निम्मे पैसे. फुकट देत नाही, आणि घाई करत नाही, हातांना विश्रांती लागते. मुंबई-ठाण्याला कुरिअर करते.