अर्धवेळ फुटबॉलची मधली वाट

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की पाय ठेवायला जागा नसते. आणि त्याच सामन्यात खेळलेल्या पंचविशीतल्या पोराला घरी विचारतात, "नोकरीचं काय?" आपल्याकडचा वाद इथेच अडतो: एक तर आयएसएल (इंडियन सुपर लीग), नाहीतर सरकारी नोकरीतला पाच टक्के खेळाडू कोटा. स्कॉटलंडमधून हे ऐकताना वाटतं, मधली वाट कुणी मोजतच नाही.

इथल्या राष्ट्रीय लीगच्या चार विभागांत ४२ क्लब आहेत. खालच्या दोन विभागांतले बहुतेक खेळाडू अर्धवेळ. मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी दुपारी तीनला सामना, हंगामात लीगचेच ३६. एरवी कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शिक्षक. मोठ्या क्लबच्या अकादमीने अठरा-एकोणिसाव्या वर्षी सोडून दिलेली मुलं इथे येतात. काहींची सुरुवात तर चाचणीवर होते. संघाच्या यादीत नावाऐवजी नुसतं 'ए ट्रायलिस्ट', म्हणजे चाचणीवरचा एक खेळाडू, असं लिहिलेलं असतं. जमलं तर एखाद-दुसऱ्या वर्षाचा करार.

आठवड्याला दोनच सराव, त्यात अवघड डावपेच बसत नाहीत. म्हणून मिडफिल्डरची, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूची, किंमत ठरते 'सेकंड बॉल'वर. लांब चेंडूवर दोघं उडी मारतात. तो कुठे पडेल हे ओळखून आधी तिथे पोचायचं, आणि चेंडू पायात येण्यापूर्वी खांद्यावरून मागे बघून घेतलेलं असायचं. आर्ब्रोथ क्लबचं गेफिल्ड मैदान अगदी समुद्राला खेटून आहे. वारा समोरून असला की आपल्याच गोलकीपरची किक हवेत अडते आणि अलीकडेच पडते. तेव्हा मिडफिल्डरने दहा पावलं आपल्या गोलकडे सरकून उभं राहायचं, नाहीतर चेंडू त्याच्या पाठीमागे प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

याच अर्धवेळ आर्ब्रोथने २०२१-२२ मध्ये वरून दुसऱ्या विभागात, पूर्णवेळ संघांना मागे टाकून, दुसरा क्रमांक मिळवला. त्यांचा मिडफिल्डर मायकेल मॅकेना खेळाडूंच्या संघटनेच्या पुरस्कारात त्या विभागातला सर्वोत्तम ठरला.

किंमतही मोजावी लागते. एल्गिनच्या संघाला सामन्यासाठी स्ट्रॅनरारला जायचं तर एका बाजूचंच अंतर चारशे किलोमीटरहून जास्त. सरावाच्या दिवशीही दिवसभर काम, मग तासभर गाडीत आखडून बसणं, थंडीत घाईघाईचा वॉर्म-अप. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, तिथेच धरतो. गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर आठ-नऊ महिने गेले. तेवढ्यात करार संपला तर नवा मिळणं कठीण, आणि शिडीवर चढून काम करणाऱ्याची रोजची कमाईही थांबते.

तरीही मला ही व्यवस्था आपल्या व्यवस्थेपेक्षा माणुसकीची वाटते, कारण तिच्यात जिना आहे. २०१४-१५ पासून सर्वात खालच्या विभागातल्या शेवटच्या संघाला प्रादेशिक लीगमधून आलेल्या संघाशी जागेसाठी खेळावं लागतं. २०१९ मध्ये कोव्ह रेंजर्स असेच वर आले, बेरिक रेंजर्स बाहेर गेले. आयएसएल २०१४ पासून चालू आहे. पहिल्या दहा हंगामांत एकही संघ खाली गेला नाही. कंपनीच्या जिवावर उभ्या संघांचं काय होतं तेही पाहिलंय: मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला.

कोल्हापूरच्या तालमींकडे गर्दी आहे, निष्ठा आहे. हव्यात त्या वर्षभर आधी जाहीर झालेल्या तारखा, नोकरी सांभाळून जमेल असा संध्याकाळचा सराव, जिल्ह्यातून राज्य पातळीवर चढायची सोय आणि लेखी करार. सुरुवात दुखापतीच्या कलमापासून व्हावी: पेठेतल्या पोराचा गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, हे हंगामाआधी कागदावर हवं.