साहेबाचा कट्टा

परत आला तो फॉरवर्ड! लॉकियर साहेबाने, म्हणजे त्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने, 18 ऑगस्ट 1868 च्या सूर्यग्रहणात विजयदुर्गच्या किल्ल्यात बसून हेलियम शोधला म्हणे. खाली तिरंगा, जोडलेले हात, आणि आमच्याच गाववाल्यांचे अंगठे.

अरे, आपण कोकणातले ना? ऑगस्टात आपल्याकडे आभाळ कसं असतं हे काय सांगायला हवं? लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. त्या ग्रहणात सूर्याचा वर्णपट, म्हणजे प्रकाशातले वेगळे केलेले रंग, तपासला जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने, तोही आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरने वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये तिकडेच पकडली, ग्रहणाशिवाय. विजयदुर्गला तो आला 1898 साली, 22 जानेवारीच्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला हेलियम पृथ्वीवर सापडूनही गेला होता, 1895 मध्ये.

आता सांगा, साहेबाने दुर्बीण लावली म्हणतात तो किल्ल्यातला कट्टा कुठल्या ग्रहणाचा असेल?

आमचे आजोबा लहानपणी मला तिथे न्यायचे. हेलियम-बिलियम त्यांच्या गावीही नव्हतं. "सायब लढायेच्या बोटीतसून इल्लो, खलाशांका कामाक लावल्यान, गिराण सुटला तसो गाशो गुंडाळून गेलो." त्यांच्या वडलांनी पाहिलेलं. घरातले शिकलेले लोक हसायचे, म्हाताऱ्याच्या गजाली म्हणून.

'मेलपोमीनी' ही ब्रिटिश युद्धनौका खरंच आली होती हो! तिच्याच खलाशांना उपकरणं हाताळायला शिकवलं होतं. शिकलेल्यांच्या फॉरवर्डात बोटीचा पत्ता नाही, आजोबांच्या गजालीत आहे.

त्या फॉरवर्डमुळे चार माणसं कट्ट्यापर्यंत जातात, बरं, मान्य. पण खोट्याची गरजच काय? साठी ओलांडलेला माणूस, ज्याने तीस वर्षांपूर्वी ती रेषा पाहिली, तो दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी समुद्र ओलांडून आपल्या एवढ्याशा बंदरात उतरतो. हे कमी पडतं का आपल्याला? माझ्या तर आत्ता लिहितानाही अंगावर काटा आला.

आणि अभिमानच हवा असेल तर त्याच ग्रहणासाठी पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. त्यांचा फॉरवर्ड कुणी पाठवत नाही. का? साहेब नव्हते म्हणून?

हेलियमचा दिवस साजरा करायचाय ना, जरूर करा. 22 जानेवारीला करा. पाऊस नसतो, शाळेतल्या पोरांना सूर्यासाठीचा फिल्टर लावलेल्या दुर्बिणीतून सूर्यही दाखवता येईल.