4.8 ची कानस: चूक माझी, पण जळक्या ऑईलचं पटलं नाही

मालक, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा गप्प बसलो, कारण तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: चेनसॉच्या, म्हणजे लाकूड कापायच्या मशीनच्या, चेनला घरीच धार कशी लावायची, हे मी लिहिलं होतं. ते वाचून यांनी 4.8 मिलिमीटरची गोल कानस आणली, नवी चेन घासली आणि मशीन आधीइतकंही कापेना. शिवाय यांचं म्हणणं, ग्राइंडरवाला दहा मिनिटांत करून देतो तिथं तासभर कशाला झिजायचं? आणि चेनला जळकं ऑईल, म्हणजे इंजिनातून काढलेलं जुनं तेल, सगळा जिल्हा वापरतो, तुम्हीच काय ते शहाणे.

कानशीची चूक माझीच. माझी मशीन 58 सीसीची, चेन .325 इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटांमधल्या अंतराचं माप), तिला 4.8 लागते. मी आपलं "4.8 घ्या" लिहून मोकळा झालो. तुमची मशीन छोटी, 16 इंची बारची (बार म्हणजे चेन ज्यावर फिरते ती पट्टी). तिला बहुतेक 3/8 लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची, चेन असणार आणि तिला 4 मिलिमीटरची कानस लागते. जाड कानस दाताच्या पोटात बसतच नाही. धारेचा बाक निघून जातो आणि दात लाकडात शिरायचा सोडून वरून घसरतो. कोणाला शंका असेल त्यांनी लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करावं. निम्मं करायच्या आधी ते साडेसोळा मिलिमीटर भरलं तर .325, एकोणीस भरलं तर 3/8. यातही गोम आहे. मोठ्या मशीनची पूर्ण 3/8 चेनसुद्धा एकोणीसच भरते आणि तिला 5.2 किंवा 5.5 ची कानस लागते. म्हणून चेनचं पाकीट फेकू नका, त्यावर लिहिलेलं असतं.

आता ग्राइंडर. मोहोळच्या बाजूला आमच्या बांधावर वेडी बाभूळ माजली होती, तेव्हा मीही एका दुकानात चेन दिली होती. परत आली ती दातांची टोकं निळी होऊन. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी गेलं. ती धार अर्धा ओंडकासुद्धा टिकली नाही. वर प्रत्येक दात इतका खाल्लेला, की कानशीने महिनाभर घासूनही तेवढा गेला नसता. सगळेच ग्राइंडरवाले असे नसतात हे कबूल. खिळ्यावर किंवा दगडावर चेन गेली आणि दात तुटले, तर मीसुद्धा ग्राइंडरच गाठतो.

पण रोजच्या धारेला तास लागत नाही. टाकी संपली, मशीन बंद केली, हातमोजे घातले, की दर दाताला दोन-तीन हात. 30 अंशाचा कोन, आतून बाहेर, कानस फक्त पुढे जाताना घासायची, मागे येताना उचलायची. भुसा पिठासारखा पडायला लागला की समजायचं धार गेली. चांगली धार लाकडाचे कपचे काढते. आपल्या काळ्या मातीत पडलेल्या ओंडक्याला चेन एकदा टेकली तरी काम संपतं, म्हणून ओंडक्याखाली आधी लाकडाचा तुकडा सारा. (माझे डावीकडचे दात कायम लांब राहतात, त्या बाजूला हात कमी पडतो. मग मशीन कापताना वाकडी जाते. आता तिकडे एक हात जास्त मारतो.)

जळक्या ऑईलवर मात्र मी हटणार नाही. त्यात इंजिनात झिजलेल्या लोखंडाचा कीस असतो, तो बार आणि ऑईलपंप दोन्ही खातो. चिकटपणा संपलेला असतो, त्यामुळे मे महिन्यातल्या आपल्या उन्हात ते बारच्या टोकाशी पोचायच्या आधीच उडून जातं. आणि उडतं कुठं? तुमच्या हातावर, मानेवर. वापरलेलं इंजिन ऑईल वर्षानुवर्षं अंगाला लागत राहिलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो. कंपनीचंच घ्या असं मी म्हणत नाही. बार ऑईल मिळालं नाही तर साधं नवं इंजिन ऑईल टाका. ते पोचतंय का हे बघायचं असेल तर चेनचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या, तेलाची रेघ उमटली पाहिजे.

तुमची चेन फेकू नका. दाताच्या मागच्या बाजूला तिरकी खूण असते, तिथवर अजून लांबी शिल्लक असेल. 4 ची कानस आणा आणि बाक परत येईपर्यंत घासा. दातापुढचा जो बुटका उंचवटा असतो, रेकर, तो पहिल्या लेखात मी विसरलोच होतो. दात घासून खाली येतो, रेकर आहे तिथंच राहतो, मग दात लाकडाला पोचत नाही. तो दाताच्या टोकापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली हवा. त्याची पट्टी मिळते, ती ठेवून वर येणारा भाग चपट्या कानशीने काढा. जास्त काढलात तर मशीन हिसके मारेल. चारी बाजूंनी फोटो काढून पाठवा, लेखातला आकडा मी आजच दुरुस्त करतो.